आईच्या डब्याचं झाकण

तुम्हाला माहितीच आहे, आमच्या बाबांना पक्ष्यांचं वेड आणि आईला गप्पांचं. अलिबागजवळच्या तळ्यावर दोघं दर थंडीत जायचे. बाबांनी दुर्बीण लावली, की नेमकी तेव्हाच आई स्टीलच्या डब्याचं झाकण खण्णकन उघडायची. "घावणे गार होतायत हो!" बगळे भुर्र. बाबा करवादायचे, "अगं, जरा गप्प बस ना!"

आई गेल्यावर यंदा मीच त्यांना घेऊन गेले. लांब पायांचे शेकाटे अगदी काठाशी आले. मी कुजबुजले, "बाबा, बघा ना, किती जवळ!"

बाबांनी दुर्बीण उचललीच नाही. पिशवीतून आईचा डबा काढला आणि त्यावर झाकण जोरात आपटलं. अख्खं तळं उडालं.

"एवढं गप्प गप्प नाही सहन होत गं," म्हणाले.