आबांचा कावळा

— न्हाई, आत जाऊ नका चेअरमनसाहेब, सत्यभामा पडलीय जरा, सासरा गेल्यापासून डोळ्याला डोळा न्हाई तिच्या. बसा ओट्यावरच. ऊन? हाय की — माणसाला लागतंच, तुमच्या मोसंबीला तेवढं लागत न्हाई! मी व्हय? शेजारची छबुबाई. भिंतीला भिंत — इथली भाकरी करपली तरी मला आधी कळतं. तुमी कशापायी आलात तेबी कळलंय — सोसायटीची निवडणूक आली, फौजी आबांच्या फोटूला हार घालायचा, पेपरात छापून आणायचं!

धुळाजी आबा फौजेतून आले अन् पुन्हा सुतारकीला बसले. तुमच्या सोसायटीचं दार कुणी घडवलं? त्यांनीच. अन् मागल्या दुष्काळात, सत्यभामा बाळंत झाली तवा, नातीला न्हाऊ घालायला घागरभर पाणी मागायला गेलते त्याच दारात. टँकर उभा व्हता — नळी तुमच्या बागेत! तुमी काय म्हणलात? "फौजी हायस ना, तहान मारायची सवय आसंल!" सगळे हसले. मी मागंच घागर घिऊन उभी व्हते — आबांनी रिकामी घागर अशी अलगद ठिवली, जशी भरलेलीच हाय. लेकरू नुसतं फडक्यानं पुसलं त्या दिवशी.

परवा दशव्याला पिंड मांडला, तर कावळा शिवंना. लेक म्हाळू हात जोडून म्हणतोय — आबा, नातीला शिकवीन. न्हाई. आबा, तुमची सुतारकीची हत्यारं इकणार न्हाई. न्हाई! कावळा आपला लिंबावर. बायामाणसानं बोलायचं न्हवतं, पण मीच पुढं झाले — म्हणलं, आबा, मोहनराव चेअरमन दारी आला तर ह्या घरचं थेंबभर पाणी त्याच्या जिभेला लागू देणार न्हाई. शब्द तोंडातून पडतोय तवर कावळा पिंडावर!

आबा तसं म्हणलेते? छे वो, आबा कुठलं म्हणतात. "चुकतं माणसाचं, छबू" — एवढंच. लई भला माणूस. तो राग माझाच हाय — आजूक हाय — पण कावळा शिवला का न्हाई? मग?

घसा सुकला? रांजणाकडं बघू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी आबाच भरून ठिवायचे तो... आगं सत्यभामा, कशाला उठलीस? तांब्या नको आणू! ठिव खाली. आबा आसते तर दिलं आसतं, ठाव हाय मला — ठिव म्हणते ना!

उठा चेअरमनसाहेब. फौजेत न्हाई गेलात, पण लागंल सवय.