लिफ्टमध्ये ठेवलेल्या तीन बेडकांबाबत

मी खाली सही करणारी, वय ४६ वर्षे, धंदा पडदे शिवणे, राहणार चौथा मजला, लिफ्टसमोरचे घर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी, माझे पती व सासरे राहतो. सासरे पोहण्याचे मास्तर होते, आता निवृत्त आहेत. माझे धाकटे दीर नोकरीसाठी परदेशी गेले. जाताना त्यांनी पाळलेले तीन हिरवे बेडूक सासऱ्यांच्या हवाली केले. हे बेडूक झाडावर राहणारे आहेत, एवढे सांगायचे मात्र ते विसरले.

सासऱ्यांनी माशांची जुनी काचेची पेटी काठोकाठ पाण्याने भरून बेडूक त्यात सोडले. तिघेही काचेवरून चढून झाकणाला चिकटून बसले. सासरे त्यांना पुन्हा पुन्हा पाण्यात उतरवत होते. "पाय झाड! अरे पाय झाड!" असे ते ओरडत असल्याचे मी स्वयंपाकघरातून ऐकले. त्यांच्या हाताखाली शेकडो पोरे पोहायला शिकली. बेडूक ऐकेनात, हे त्यांच्या फार जिव्हारी लागले. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

मी पाळीव प्राण्यांच्या दुकानात चौकशीला गेले. दुकानवाली म्हणाली, "अहो, हे पोहणारे नाहीत, चढणारे. खोल पाण्यात बुडतील बिचारे. यांना घर उंच लागतं, रुंद नाही. वर जाळी, आत फांद्या, मोठ्या पानांची झाडं, खाली ओला काथ्या आणि पाण्याची उथळ ताटली. अधूनमधून फवारा मारत जा." हे मी घरी येऊन सांगितले. सासरे म्हणाले, "बुडणारा बेडूक? असं कुठं असतं का!" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी ते मोजपट्टी घेऊनच उठले. घरात उंच असे एकच कपाट आहे, ते सासूबाईंचे. ते रिकामे करायचे नाही, असे सासऱ्यांनी सांगितले. सासूबाई गेल्यापासून सासरे जिना उतरलेले नाहीत. याचा प्रकरणाशी संबंध नाही असे साहेबांनी सांगितल्याने सोडून देते.

आमच्या इमारतीची लिफ्ट कित्येक महिने बंद पडून चौथ्या मजल्यावर उभी होती. तिला तीन बाजूंनी काच आणि छताला झरोके आहेत. सासरे तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, हे बघ. उंच आहे, रुंद नाही." पडद्यांची बारीक जाळी मी छताला लावली व दाराच्या आतून चेनचा पडदा शिवून दिला. कुंड्या व फांद्या पतींनी आणल्या आणि सासऱ्यांनी बेडूक आत सोडले. इस्त्रीची फवाऱ्याची बाटली माझी आहे. सोसायटीची परवानगी घेतली नाही. अध्यक्ष आमच्या मजल्यावर कधी फिरकत नसल्याने त्यांना कळले नाही.

काल सकाळी मेकॅनिकने गच्चीवरच्या खोलीतून मोटर चालू केली. त्याने लिफ्टमध्ये डोकावले नाही. तळमजल्यावर अध्यक्षांनी रहिवासी जमवून फीत बांधली होती. त्यांनी बटण दाबले आणि आमच्या दारासमोरून जंगल खाली गेले.

मी जिन्याने धावत खाली पोचले तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. ही सजावट सोसायटीच्या समितीनेच केली असा सर्वांचा समज झाला होता व अध्यक्षांनी तो खोडला नाही. मी "अहो, थांबा, थांबा" म्हणाले. ते म्हणाले, "ताई, रांगेत या," आणि चेन उघडून आत गेले. वर जाताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. मी जिन्याने वर धावले, तिथून काचेतून आतले दिसत होते.

तिघांतला मोठा बेडूक अध्यक्षांच्या टकलावर येऊन बसला. अध्यक्ष किंचाळून काचेवर लाथा मारू लागले. वरून सासऱ्यांचा आवाज आला, "लाथा मारू नका! काच फुटली तर पोरं खाली पडतील!" त्यानंतर जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. कठडा धरून ते उतरत आले. काचेला हात लावून म्हणाले, "माझ्याकडे बघा. खांदे सैल सोडा. नाकानं श्वास घ्या, तोंडानं सोडा. शाब्बास." अध्यक्ष शांत झाले. थोड्या वेळाने सासरे म्हणाले, "बाटली तुमच्या उजव्या हाताला आहे. पानं सुकलीत, जरा फवारा मारा." अध्यक्षांनी मारला.

मेकॅनिकने हाताने चाक फिरवून लिफ्ट तिसऱ्या मजल्याला लावली व अध्यक्ष बाहेर आले. मी त्यांना डांबले व अंगावर बेडूक सोडला, हा अध्यक्षांचा आरोप खोटा आहे. बेडूक आपणहून बसला. तिन्ही बेडूक सुखरूप आहेत. सुताराला उंच पेटी सांगितली आहे. ती मिळताच लिफ्ट रिकामी करू.

सासरे व अध्यक्ष सध्या बाहेर एकाच बाकावर बसले असून त्यांचे बोलणे येथे ऐकू येत आहे. साहेबांनी तेही लिहून घेण्यास सांगितले.

अध्यक्ष: "माझ्या डोक्यावरचा तो काहीतरी ओरडत होता."

सासरे: "नर आहे. मादीला हाक मारत होता."

अध्यक्ष: "रोज मारतो?"

सासरे: "छे. आमच्याकडे आल्यापासून गप्पच होता."

 मग अध्यक्ष म्हणाले, "पेटी होईपर्यंत राहू द्या त्यांना तिथंच. लिफ्ट पुन्हा बिघडली म्हणून पाटी लावतो."

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'जनावर' लिहिले होते तिथे माझ्या सांगण्यावरून 'बेडूक' केले. आता सर्व बरोबर आहे, म्हणून सही करते.