दुसरं नाव

१९६८च्या एप्रिलात कशेळ्याच्या एसटी थांब्यावर माझ्या शेजारी बसलेले सदूतात्या आपल्या दोस्ताला, गावच्या म्हाताऱ्या सरपंचाला, पेपर वाचून दाखवत होते.

"येसाजी, अमेरिकेचा अध्यक्ष पुन्ना उभा ऱ्हानार नाय."

"हरला काय रं?"

"नाय. पन व्हिएतनामातली लढाई लांबली. त्याच्याच पक्षातली मानसं दुसरा शोधाया लागली."

"बाजूला हो, असं त्याला कोनी सांगितलं?"

"सोताच झाला."

"आन मला तसं सांगाया गावानं तुला धाडलं?"

"परवा सभेत शाळेचा ठराव तू दोनदा वाचलास, येसाजी. लोकं हसली."

"मला कळलंच नाय रं."

"म्हनून मीच आलो."

"माझ्या जागी कोनाचं नाव ठरलंय?"

"माझं."

"मंग तू म्होरं जा, सदू. मी मागच्या गाडीनं येतो."