बिनब्रेकची लुकलुक

या पावनं, या. बसा त्या बाकावर. वहिनींना शेगडीजवळ बसू द्या, पार गारठल्यात. मालक, दोन कप वाढवा, आलं जरा ठेचून टाका.

आता एक इचारतो, राग मानू नका. वरच्या वळनापासनं तुमची गाडी येताना बगत हुतो मी. चारी इंडिकेटर चालू. लुकलुक, लुकलुक, लुकलुक. धुकं हाय, पाऊस हाय, म्हनून लावलं. बरं. मग हितं आलात, बाहेरचा लाल दिवा बगून थांबलात, गाडी ऐन वळनाच्या कडंला उभी केलीत, आनि काय केलंत? चारी बंद. म्हंजे गाडी चालती तवा चालू, आनि उभी ऱ्हायली की बंद. घरात असताना कुलूप लावायचं आनि गावाला जाताना दार सताड उघडं टाकायचं, त्यातली गत.

सगळीच करत्यात म्हनं. सगळीच करत्यात हेच तर माझं दुखनं हाय. चौकात सरळ जायचं तरी चारी, बोगद्यात चारी, वरनं चार थेंब पडलं की चारी. डोकं फिरतं माझं. उठा, आधी जावा आनि लावून या. त्याबिगर मी त्वांड उघडनार न्हाई.

हां. लावलंत? आता बसा आनि ऐका.

ही ऐकीव गोष्ट न्हाई, माझ्यावर गुदरलेली हाय. एकवीस वर्सं झाली. आमी कुंभार, वरच्या वाडीतलं. आमचा बा गनपतीच्या मूर्ती करायचा आनि आमी दोघं भाऊ त्या खाली कोकनात गावोगाव पोचवायचो. मी रवळू, थोरला. धाकटा सिदू. दोघांकडं दोन पिकअप. सिदूचं लगीन होऊन सा म्हैनं झालं हुतं, त्याच्या बायकूला दिवस गेलं हुतं. घरात नवी पालवी, बगा.

आता घाट समजून घ्या, न्हाईतर मधीच इचाराल. ह्या टपरीपासनं शंभर पावलं खाली दोन रस्तं फुटत्यात. उजवा नवा, डावा जुना. जुन्या रस्त्याचा डोंगर एका पावसात खाली गेला. तिसऱ्या वळनाच्या पुढं रस्ता तुटलाय. त्याच्या पुढं काय? पुढं हवा. फाट्यावर दगडं मांडली हुती, चुना मारून. ती दगडं लोकांनी घराच्या पायाला नेली. ह्यालाबी काय म्हनावं, तुमीच सांगा.

आनि त्या जुन्या रस्त्याला चकवा. म्हातारी मानसं सांगायची, चकवा मारत न्हाई, खात न्हाई, गळा धरत न्हाई. त्यो निस्ती वाट दावतो. जातो आपन, आपल्या पायानं. पूर्वी त्यो कंदील घेऊन पुढं चालायचा. बैलगाडीवाला म्हनायचा, चला, कुनीतरी हाय पुढं, आनि मागनं जायचा. पन जग बदललं. बैलगाड्या गेल्या, मोटारी आल्या. मग त्यानं काय कंदीलच धरून बसायचं?

तर त्या दिवशी दिवेलागनीला गाड्या भरल्या. माझ्या गाडीत अडतीस गनपती, सिदूच्या गाडीत चाळीस. पेंढ्यात बसवलेलं, तोंडावर फडकी बांधलेली, कारन घरात पाटावर बसेपर्यंत देवाचं त्वांड झाकायचं, अशी आमची रीत. बा म्हनला, धुकं उतरलंय, सकाळी जावा. मी म्हनलो, सकाळी लोक वाट बगनार. बा परत म्हनला, सकाळी जावा. मी कुनाचं ऐकतोय? मोठा डायवर ना मी.

निघालो. आनि सिदूला काय सांगितलं, ते ऐका. म्हनलं, ‘‘सिदू, मी चारी चालू ठेवतो. माझी लुकलुक बग आनि मागनं ये. कुटं बगू नकोस, निस्ती लुकलुक बग.’’ त्यो म्हनला, ‘‘व्हय अण्णा.’’ आमच्याकडं समदं डायवर असंच करायचं. पुढच्यानं चारी लावायचं, मागच्यानंबी लावायचं, आनि सात-आठ गाड्यांची माळ उतरायची. मागचा पुढच्याच्या जिवावर. आनि सगळ्यात पुढचा कुनाच्या जिवावर? ते कुनी इचारत न्हवतं.

धुकं म्हंजे कसलं. बॉनेट दिसंना. काचंवर पानी, काचंच्या आत वाफ. मी दुसऱ्या गेरात, टिकटिक टिकटिक चाललोय. आरशात सिदूचा पिवळा उजेड हाय. म्हनलं, चला, पोरगं मागं हाय.

आनि पुढं लुकलुक दिसली.

माझ्या पुढं गाडी न्हवती, पावनं. कुनी ओलांडून गेलं न्हवतं. तरी लुकलुक. चार-पाच गाड्यांच्या अंतरावर, तांबूस, माझ्यासारखीच. भ्यायला पायजे का न्हाई? पन मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हनलं, चला, कुनीतरी हाय पुढं. हेच म्हनलो मी. त्या बैलगाडीवाल्यासारखं, शब्दाला शब्द.

फाटा आला असंल, मला दिसला न्हाई. पुढची गाडी डावीकडं वळायली का उजवीकडं, हे कळायला एक इंडिकेटर लागतो. एक. त्याची चारी लुकलुकत्यात, मग काय कळनार डोंबल? ती जिकडं गेली तिकडं मी गेलो. आनि माझी चारी लुकलुकत्यात, म्हनून मी कुटं वळलो ते सिदूला कळलं न्हाई. मी गेलो तिकडं सिदू आला.

पैलं वळन गेलं. रस्ता जरा खडबडीत लागला. म्हनलं, पावसानं उखडला असंल. दुसरं वळन गेलं. मी सावकाश केलं, ती सावकाश झाली. मी जरा दाबली, तीबी दाबली. अंतर तितकंच. म्हनलं, मानूस शाना हाय, मला सांभाळून घेतोय. भुताला शाना म्हनलो मी. माझ्या अकलेची तारीफ करा.

मी हॉर्न मारला. तिकडनं हॉर्न आला. बरोबर तसाच, एक लांब, दोन आखूड. तरी मी खूश. म्हनलं, ओळखीचा दिसतोय.

तिसरं वळन लई आवळ हुतं. मी पाय रोवून ब्रेक मारला. मागं गनपती एकमेकाला खेटलं, त्यांचा आवाज आला. आनि तवा माझ्या टाळक्यात शिरलं. मला ब्रेक लागला, मग पुढच्याला लागला न्हाई? उतार हाय, वळन हाय, रस्ता ओला हाय, आनि त्याचा लाल दिवा पेटला न्हाई. पैल्या वळनाला पेटला न्हवता, दुसऱ्यालाबी न्हवता. निस्ती लुकलुक. असा घाट कुनी ब्रेकबिगर उतरतं का?

पन मानूस आधी सोयीचा इचार करतो. म्हनलं, रवळू, तुझाच उजेड धुक्यावर पडून तुला दिसतोय, खुळ्या. बगू म्हनलं. बटन दाबलं, माझं चारी बंद केलं.

पुढची लुकलुक बंद.

हसलो मी. एकटाच मोठ्यानं हसलो. परत चालू केलं, ती चालू. म्हनलं, बग, तुझंच हाय. आनि मग खात्री करायला परत एकदा बंद केलं.

ती बंद झाली न्हाई.

आता पुढं तांबूस लुकलुक, माझ्याकडं अंधार, आनि ती हळूहळू जवळ यायलीय. म्हंजे मी जात न्हवतो, तीच मागं सरकत हुती. म्हनत हुती, ये की. कशाला थांबलास? चल.

चकवा लागला की चालायचं न्हाई, हाय तितंच बसायचं, हे आमाला ल्हानपनापासनं ठावं. मी गाडी जागच्या जागी उभी ठेवली, हॅन्डब्रेक वढला, चाकाखाली दगूड सरकावला. आनि बसायचं सोडून बॅटरी घेतली, पुढं काय हाय ते बगायला चाललो. एक पाऊल, दोन, तीन, चार. पाचवं टाकायला पाय उचलला आनि बॅटरीच्या उजेडात खाली काय न्हाई. पांढरं धुकं, वर येनारं. लांब खाली पान्याचा आवाज.

आनि समोर, त्या हवेत, लुकलुक चाललीय. हललीबी न्हाई.

मागं फिरलो. आनि तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. वरनं. सिदूचा.

ऐका आता. नीट ऐका, ह्यासाठीच एवढा वेळ त्वांड वाजवतोय मी. माझी गाडी उभी. रस्त्याच्या मधी. वरनं माझा भाऊ येतोय चाळीस गनपती घेऊन. ह्या वक्ताला काय करायचं असतं? चारी लावायचं असतं. ते बटन त्याच्यासाठीच हाय, गाडी अडकली, उभी हाय, येऊ नका, हे सांगायला. मी पळत आत बसलो आनि चारी लावलं.

आरशात बगतोय. पिवळा उजेड मोठा व्हायला. थांबंल म्हनलं, आता थांबंल. त्यो थांबंना. उलट त्यानं वेग धरला.

का धरंल न्हाई? मीच सांगितलं हुतं ना, निस्ती लुकलुक बग आनि ये. अर्धा तास त्याला मी हेच शिकवलं हुतं की लुकलुक म्हंजे अण्णा चाललाय. आता अण्णा उभा हाय हे सांगायला माझ्याकडं दुसरी खून शिल्लक न्हवती. त्यो हरवू नये म्हनून, मायेनं लावल्याला दिवा, आनि त्याच दिव्यानं मी त्याला कड्यावर आनला हुता. सख्ख्या भावाला. त्याच्या पोराला, ज्यानं अजून जग बगितलं न्हवतं. लई वंगाळ वाटलं मला पावनं, अजूनबी वाटतं.

हात हॉर्नवर ठेवला, तर दरीतनं दुसरा हॉर्न तसाच वाजायला लागला. सिदूला काय कळनार? शेवटी कसं सुचलं देव जाने, चारी बंद केलं आनि दोन्ही पाय ब्रेकवर रोवून उभा ऱ्हायलो. डोकं वर टपाला टेकलं. नुस्तं लाल. न लुकलुकनारं, गच्च लाल.

मागं चाकं किरकिरली. मग थड. माझी गाडी दगडावरनं चढून दोन पावलं पुढं गेली आनि थांबली. अडतीस गनपती एकदम खळकलं.

सिदू उतरून आला. त्याला काय ठावं न्हाई. मलाच ओरडला, ‘‘अण्णा, मधीच कशाला थांबलास? लाल दिसला म्हनून वाचलो.’’

मी म्हनलो, ‘‘लुकलुक दिसली न्हाई व्हय रे?’’

‘‘दिसली की. म्हनलं अण्णा निघाला, म्हनून दाबली.’’ मग म्हनला, ‘‘पन अण्णा, तू तीन वळनं बिनब्रेकची कशी काढलीस? एकदाबी तुझा लाल दिवा दिसला न्हाई.’’

मी म्हनलो, ‘‘सिदू, मी हर वळनाला ब्रेक मारलाय.’’

माझ्या ब्रेकचा दिवा चांगला हुता, आत्ताच त्यानं डोळ्यानं बगितला हुता. मग तीन वळनं त्यो कुनाच्या मागनं आला? वाटंत आमा दोघांच्या मधी कोन हुतं? मागं वळून आमी रस्त्याकडं बगितलं. कोन न्हवतं. आनि दरीकडंबी लुकलुक न्हवती आता.

रातभर सिदूच्या गाडीत बसून ऱ्हायलो, चारी लावून. आता लावलं, कारन आता उभं हुतो. उजाडल्यावर बगितलं तर माझं पुढचं चाक कड्यापासनं दोन हात. उलटं घेत घेत वर आलो आनि घरी गेलो. बानं सगळं ऐकून घेतलं आनि इचारलं काय? ‘‘सोंड कुनाची मोडली?’’ पाच मूर्तींच्या सोंडा गेल्या हुत्या. म्हातारा वर्सभर त्या पाच सोंडांचाच इषय काढत हुता. चकव्याबद्दल एक शब्द न्हाई.

सिदूनं तवापासनं स्टेअरिंगला हात लावला न्हाई. कुनी समजावलं तरी न्हाई. म्हनला, मी आता फाट्यावरच बसतो. आनि फाट्याच्या वर टपरी टाकली. धुकं उतरलं की रोज लाल दिवा टांगतो बाहेर. न लुकलुकनारा. तुमी मगाशी ज्यो बगून थांबलात, त्योच. चहा चांगला झालाय न्हवं? मालकाला सांगा तसं. मालक, जरा हिकडं बगा की. लाजतोय अजून. ह्योच सिदू. आनि त्याचं ते पोरगं आता मुंबईकडं शिकतंय.

तर धुकं वर सरलं की निघा. उजव्या रस्त्यानं. डाव्याला चुकूनबी न्हाई, पुढं धा गाड्या जाताना दिसल्या तरी न्हाई. आनि गाडीत बसलात की पैलं काम, ते चारी बंद करा. साधं दिवं खालच्या उजेडावर ठेवा, सावकाश जावा, वळायचं त्या बाजूचा एक इंडिकेटर द्या. काय दिसंना झालं तर बाजूला घेऊन थांबा, मग लावा चारी, पोटभर लावा.

चालत्या गाडीला चारी लावून ह्या घाटात फिरनारा एकच हाय, पावनं. आनि त्याला ब्रेक न्हाई.