माळाईच्या बोकडाला दावं

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो – जे देवाला सोडलं, त्याला दावं लावावं का? माना हलवू नका, आधी गोष्ट ऐका!

माळाकाठच्या एका गावात बायजाक्का नावाची म्हातारी राहायची. तिची सून बाळंतपणात अडली, तेव्हा तिनं माळाईला नवस केला. सून सुखरूप सुटली, नातू झाला, आणि म्हातारीनं आपला बोकड देवीच्या नावानं सोडला. सोडला म्हणजे सोडला! त्याला कुणी बांधायचं नाही, हाकलायचं नाही. सकाळी याच्या ओट्यावर भाकरी, दुपारी त्याच्या भुईमुगात तोंड! अशी माणसंही असतात, पण ते जाऊ द्या.

एके दिवशी बायजाक्काला दिसलं – बोकडाचं नाक वाहतंय, तोंडात फोड, हगवण लागलेली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, ही शेळ्यांची बुळकांडी. एकापासून सगळ्या कळपाला लागते. याला आजच बांधा, तीन आठवडे कुणाचीच शेळी माळावर नको, धडधाकट आहेत त्यांना लस टोचू.

पण बांधणार कोण? गुरव म्हणाला, देवीचं देवी बघेल. गावानं लगेच मान डोलावली. फुकटची श्रद्धा कुणाला नको असते? आणि बोकड निघाला पाणवठ्याकडे – तिथं गावच्या दोनशे शेळ्या!

बायजाक्काच्या मनात एकच होतं – नवस मोडला आणि देवीनं नातू परत मागितला तर? ही भीती लहान नव्हे, मंडळी! तरी तिनं बोकडाच्या गळ्यात दावं घातलं. गुरव आडवा आला. ती म्हणाली, "सोडला मी, बांधते बी मीच. पाप लागलं तर मला लागंल. पर माझ्या नवसापायी शेजारणीची शेळी मरायची न्हाई."

तिनं बोकड लांबच्या खोपीत बांधला. चारापाणी स्वतः करायची, हातपाय धुऊनच घरात यायची. सहाव्या दिवशी बोकड मेला. खोल खड्डा, वर चुना – तेही तिनंच केलं, आणि रडलीसुद्धा. तिचं बघून गावानं शेळ्या दारात ठेवल्या. दोनशेतल्या चार गेल्या, बाकी वाचल्या.

मग नातवाला कडेवर घेऊन ती देवळात गेली. गुरवानं पोराच्या कपाळाला अंगारा लावला. गुरवाच्या परसात त्याचीही आजारी शेळी वेगळी बांधलेली होती.

आता तुमचं बोला! घरी गेलात की आधी शेळ्यांची नाकं बघा. एकीचं जरी वाहत असलं, तरी उद्या ती माळावर दिसता कामा नये. पाया नंतर पडा. माळाई थांबेल – तिला कुठं जायचंय?