दबलेला मणका

लेक : हलू नकोस आई. आणि बोलू नकोस, बोललं की अंग हलतं.

आई : किती वेळ?

लेक : हात डोक्याकडून परत येईपर्यंत. हाडं किती दाट ते मोजणाऱ्या यंत्राचा हात, तुझा नव्हे.

आई : पायांखाली हा ठोकळा कशाला?

लेक : कंबर टेबलाला सपाट टेकावी म्हणून. दिवसभर बायका येतात इथं, एकही एवढी बडबडत नाही.

आई : त्यांची मशीनवर लेक नसते बसलेली. आपलं काय ठरलंय, लक्षात आहे ना? हाडं ठीक निघाली तर मी माझ्या घरी राहणार. परत त्या तीन जिन्यांचं नाव काढायचं नाही.

लेक : आणि ठीक नाही निघाली तर माझ्याकडे, तळमजल्यावर. तूच टाळी दिलीस.

आई : दिली म्हणजे दिली.

लेक : झालं. पडून राहा जरा, बघते.

आई : काय दिसतंय? तोंड का असं केलंस?

लेक : माझं तोंड असंच आहे. कंबरेच्या चार मणक्यांत वरचा फारच दाट दिसतोय. बाकीच्या तिघांपेक्षा कितीतरी.

आई : बघ. आणि म्हणे म्हातारीची हाडं. सरासरी काय येते?

लेक : चौघांची धरली तर काठावर पास.

आई : मग काढ की रिपोर्ट.

लेक : शेजारचे तिघं विरळ झाले आणि हा एकटाच तरुण राहिला? मघाशी उंची घेतली, तीही मागच्यापेक्षा दीड इंच कमी भरली.

आई : तुमची पट्टी चुकलीय. उभा जन्म लोकांची मापं घेऊन कपडे शिवले मी, मला नको शिकवू.

लेक : आणि स्वतःचं माप?

आई : स्वतःचं कोण घेतं? एकदा बेतलं की झालं. हां, गाऊन मात्र हल्ली जमिनीला लागायला लागले. सगळेच. खालून दोन बोटं दुमडून टाकले. कापड धुतल्यावर आटतं, हे वाढतंय कसं, म्हणून त्या कापडवाल्याला चार शब्द सुनावले.

लेक : बिचारा. कापड नाही वाढलं, आई.

आई : मग?

लेक : पाठ कधी दुखली होती? खरं सांग.

आई : दुखते अधूनमधून. वय आहे.

लेक : आई.

आई : थंडीत. शिलाई मशीन खिडकीकडे सरकवत होते, उजेड पुरत नाही म्हणून. पाठीत कट्कन झालं. मग बरेच दिवस खुर्चीतच झोपले.

लेक : मी रोज फोन करत होते तेव्हा. ‘मजेत आहे’ म्हणायचीस.

आई : सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी टेम्पो घेऊन आली असतीस.

लेक : आले असते.

आई : मग? तुझं घर चांगलं आहे गं, जावई देवमाणूस आहे. पण तिथं मी पाहुणी. साखरेचा डबा कुठल्या फळीवर, तेही विचारावं लागतं.

लेक : आणि इकडे तू फोन उचलेपर्यंत मी चहासुद्धा घेत नाही. रोज सकाळी.

आई : ते तू कधी बोलली नाहीस.

लेक : तू तरी कुठं बोललीस?

आई : बरं. त्या मणक्याचं काय ते सांग.

लेक : दबलाय. हाड तेवढंच आहे, पण कमी जागेत बसलंय. म्हणून यंत्राला दाट वाटतं.

आई : विरलेलं कापड दुमडून उजेडात धरावं तसं. दोन पदर झाले की बघणाऱ्याला जाड वाटतं.

लेक : तसंच. म्हणून तो मोजणीतून वगळायचा असतो. वगळला की तू काठाच्या बरीच खाली जातेस.

आई : आणि नाही वगळला तर? इथं आपण दोघीच आहोत.

लेक : तर आज तू जिंकलीस. घरी जाऊन परत मशीन सरकवशील आणि पुढचा मणका जाईल.

(लेकीचा हात माउसवर थांबलेला. आई छताकडे बघत पडून आहे.)

आई : तसलं कापड मी कधी कुणाच्या गळ्यात मारलं नाही. वगळ.

लेक : औषधं आहेत गं ह्यावर. डॉक्टर देतील.

आई : देऊ देत. तू वगळ.

लेक : वगळला. उठताना आधी कुशीवर वळ.

आई : सामान आजच बांधू. उद्यावर टाकलं तर मी शब्द फिरवेन. आणि माझ्या घरचा जिना चढताना नेहमीसारखी पुढे पळू नकोस, माझ्या मागून चढ.