एका बाजूला बावीस मिनिटं

नाही नाही, रेकॉर्ड लागेल हो भाभी, लागणार नाही असं कुठं म्हणतोय मी — सुई खराब आहे एवढंच म्हणतोय. सुई काही इथं सातपूरला मिळत नाही, मेन रोडला जावं लागतं, आणि आज सोमवार, तिकडची दुकानं — बसा ना, उभ्या का? त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, ह्या खुर्चीवर बसा. चहा सांगतो. कोरी कॅसेट आणलीत ना? हां, साठची, चांगली आहे. जावयानं गुलजारला मालेगावला टेप घेऊन दिला हे फार छान केलं. अब्बांचा आवाज भरून पाठव म्हणते — बरोबर आहे, मुलीला वाटणारच. मागच्या थंडीत इसाक गेला, म्हणजे वर्ष होत आलं. द्या, ती रेकॉर्ड द्या इकडे. नको, राहू द्या, आत्ता तुमच्याच मांडीवर राहू द्या.

काय जपलंय हो कव्हर. नऊ वर्षं भिंतीवर होतं आणि साधा डाग नाही. माझ्याकडे दोनशे पडून होत्या, त्यांना वाळवी लागली — वाळवीनंसुद्धा कव्हरंच खाल्ली, संगीताला तोंड लावलं नाही. ही सोनेरी अक्षरं बघा, 'उगम ते सागर'. पंचवटीत लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये छापलं हे. मी त्या प्रेसवाल्याला तासभर समजावलं, की बाबा हा लाँगप्ले आहे, आमच्या बँडचा पहिला, ह्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, असलं काही नाशकात झालेलं नाही — तो हो हो म्हणाला, आणि मागच्या बाजूला, खाली, सवयीनं छापून मोकळा झाला. वाचा ना. 'कृपया आहेर आणू नये.' कुणी आणलाही नाही.

हसलात, बरं वाटलं. आता तुम्ही म्हणाल, सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला हे खूळ आलं कुठून? तर आमच्याकडे नवं मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला होता, तो जाताना तीन रेकॉर्डी मला देऊन गेला. ऐकल्या. काही कळलं नाही. पण एक गोष्ट दिसली, की एका बाजूला एकच गाणं. बस, मी ठरवलं, मोठेपणा तो हाच — बाकीचे लोक एका बाजूला सहा-सहा गाणी घालतात, म्हणून ते लहान. मग मी हार्मोनियमच्या पट्ट्या काढून त्याखाली सर्किटं बसवली आणि ऑर्गन केला. आवाज मिक्सरसारखा यायचा. पुढे मिक्सर दुरुस्तीत उतरलो ते काही उगाच नाही. ड्रमला लग्नाच्या बँडमधला बहिरू, गिटारला आमच्याच खात्यातला मंगळू, त्याला तीन कॉर्ड यायचे आणि चौथा येतोय असं तो वर्षभर म्हणत होता. आणि गायला इसाक. गोदावरी, त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगवते तिथपासून समुद्राला मिळेपर्यंत, अख्खी नदी एका गाण्यात. आणि दुसऱ्या बाजूला परतीचा प्रवास, ढगांच्या मार्गानं. त्या बाजूला शब्दच नव्हते, कारण मी म्हणायचो, ढगांना कसले आलेत शब्द. असा बोलायचो मी तेव्हा, भाभी. दाढी ठेवली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या जयंतीला आमच्या कॉलनीच्या मैदानात पहिला कार्यक्रम झाला, तुम्ही तेव्हा माहेरी होतात. गाणं सुरू झालं तेव्हा मैदान भरलेलं. त्र्यंबकपर्यंत लोक बसले. गंगापूरच्या धरणाला निम्मे उठले. पैठणला पोचलो तर समोर फक्त माझी आई आक्काबाई आणि मांडववाला — तो खुर्च्या उचलायला थांबलेला. मी डोळे मिटून वाजवत होतो म्हणून मला पत्ता नाही. आणि मग इसाकचा तुकडा आला. गाण्यात त्याला चारच मिनिटं दिली होती मी — घाटावर एक बाई पाणी भरायला आलीय, एवढाच प्रसंग, शब्द त्यानंच मशीनवर उभ्या उभ्या जुळवलेले, 'पाणी पुढे गेलं बाई, माझी घागर रिकामी' — घरी म्हणायचा ना? आंघोळीला बसल्यावर? हां. तर ते त्यानं सुरू केलं आणि मी डोळे उघडले, बघतो तर लोक परत येताहेत. हातात ताट घेऊन आल्या हो बायका, अर्ध्या जेवणावरून उठून. मांडववाल्यानं उचललेल्या खुर्च्या परत मांडल्या. मला किती आनंद व्हायला पाहिजे होता. झाला. थोडा झाला.

चहा घ्या, गार होतोय. मी काय सांगत होतो — सुईचं. सुई म्हणजे अशी गंमत आहे, की — जाऊ द्या सुईचं. रेकॉर्डिंगला मुंबईला गेलो, एकोणऐंशी साली, चौघांनी रजा टाकून. छोटाच स्टुडिओ, एकच म्हातारा तिथं सगळं बघायचा, कडक माणूस. मी सोलो वाजवायला घेतला, सात मिनिटांचा सोलो होता माझा, तर म्हातारा काचेमागं पेपर वाचत बसला. खरंच, पान उलटताना दिसला मला. आणि इसाक माईकसमोर आला तर त्यानं पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, आणि गाणं संपल्यावर बराच वेळ बटणच बंद केलं नाही. मला म्हणाला, ह्याला कुठून आणलंत? माझ्याबद्दल काही विचारलं नाही. मी सांगितलं की ऑर्गन मी स्वतः बनवलाय, तर म्हणाला, ते कळतंय.

तर सव्वीस मिनिटं झालं सगळं. आणि म्हातारा म्हणाला, रेकॉर्डच्या एका बाजूला बावीसच्या वर नेऊ नका, चर बारीक पडतात, आवाज दबतो. चार मिनिटं कमी करा, उद्या या. दुसऱ्या दिवशी इसाकला सेकंड शिफ्ट होती, रजा संपली होती त्याची, तो रात्रीच परत आला नाशकाला. बहिरू आणि मंगळू जीवाची मुंबई करायला गेलेले. मी एकटा गेलो. म्हाताऱ्यानं टेप लावली, हातात ब्लेड घेतलं — टेप ब्लेडनंच कापायची तेव्हा, आणि चिकटपट्टीनं जोडायची — आणि म्हणाला, तुमच्या सोलोतून चार मिनिटं काढतो, तसाही तो — तो 'तसाही' म्हणाला ना, तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सोलोला हात लावायचा नाही. सोलो म्हणजे नदी आहे. मी म्हटलं, शब्द काढा. प्रोग्रेसिव्ह संगीतात शब्दांची गरज नसते. त्यानं काही ते कापलं नाही, भाभी. ब्लेड माझ्या हातात दिलं आणि बाहेर चहाला निघून गेला.

नाही. ह्या रेकॉर्डवर नाही तो. दोन्ही बाजूंना नाही. कव्हरवर 'गायन : इसाक' लिहिलंय, कारण कव्हरं आधीच छापून झाली होती. नऊ वर्षं तुम्ही भिंतीवर पुसलंत ते माझं ऑर्गनवादन आहे.

शिव्या द्या. काय? कापलेला तुकडा — हो, तो आणला होता मी, फेकवला नाही. खिळ्याला गुंडाळून ठेवला होता घरी. मग मेव्हणा आला दिंडोरीहून, त्याच्या द्राक्षांवर पाखरं फार बसत होती, आणि तेव्हा सगळेच जुनी टेप बागेत बांधायचे, वाऱ्यानं ती गुणगुणते, पाखरं बिचकतात. आमच्या हिनं, लताबाईनं, काढून दिला, तिला काय ठाऊक. मी घरातच होतो. मी बघितलं आणि बोललो नाही. एक हंगाम टिकला असेल. नंतर कधी त्या बागेत मी गेलो नाही, मेव्हण्याचं आमंत्रण असायचं, दरवर्षी पेटी पाठवायचा, मी ती न उघडता शेजारी देऊन टाकायचो.

इसाकला? माहीत होतं. रेकॉर्डी आल्या त्या दिवशी इथंच, ह्याच टर्नटेबलवर, चौघांनी मिळून ऐकली. मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं, पण म्हटलं, ऐकताना बघू. त्याचा तुकडा यायची वेळ झाली आणि सरळ माझा सोलो सुरू झाला. बहिरू माझ्याकडे बघायला लागला, मंगळू खाली बघायला लागला. इसाकनं पूर्ण ऐकलं. मग उठला, स्वतः सुई उचलली, मागं नेली, चौदाव्या मिनिटाच्या आसपास ठेवली, आणि बोट वर केलं. म्हणाला, "ऐक. हा मी." आणि खरंच होतं हो. मला ब्लेड चालवायची सवय नाही, मी जरा उशिरा कापलं होतं. गायच्या आधी त्यानं श्वास घेतला होता, तो राहिला आत. नुसता श्वास. लगेच माझा ऑर्गन. इसाक हसला, म्हणाला, "ऑर्गन चांगला आलाय, भाऊ," आणि एक रेकॉर्ड बगलेत मारून सेकंड शिफ्टला गेला. घरी तुमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नाही हे त्याला ठाऊक होतं. तुम्हाला काय म्हणाला तो? 'मी आहे त्याच्यात'? एवढंच? मग खोटं नाही बोलला. माझी लाज राखली आणि वर खोटंही बोलला नाही. मला भांडायला पाहिजे होता तो. आठ वर्षं रोज कारखान्याच्या गेटवर भेटायचा, रोज मी म्हणायचो, आज भांडेल.

सुई आहे. ह्या ड्रॉवरमध्ये आहे, नवी आहे, सकाळी तुमचा निरोप आला तेव्हाच काढून आत टाकली मी. द्या ती रेकॉर्ड. मी चौदाव्या मिनिटावर ठेवतो सुई, तेवढंच भरून देतो गुलजारला, दोन सेकंद होतील, उरलेली कॅसेट कोरी — काय? पहिल्यापासून? अहो भाभी, चौदा मिनिटं माझा ऑर्गन आहे आधी, मांडववाल्यालासुद्धा सोसला नाही तो. पहिल्यापासूनच? इसाकनं पूर्ण ऐकलं म्हणून? बरं. तुम्ही म्हणाल तसं.

कोण आहे? मिक्सर झाला नाही तुमचा. उद्या या. नाही, आज नाही होणार, दुकान बंद आहे. कडी लावतो मी, हात काढा.

खुर्ची इकडे सरकवा भाभी, ह्या स्पीकरजवळ. अजून जवळ. फार बारीक आहे तो. आता मी बोलत नाही.